चिकोडीचं प्रतिज्ञापत्र

आप्पा,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं आहे. राग मानू नका. आणि मानलात तरी आता काय करणार आहात?

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. निपाणीच्या विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला माणूस मावत नव्हता. तंबाखूच्या वखारीतले तुमच्या बरोबरचे सगळे हमाल आले होते, आईबरोबर विड्या वळणाऱ्या बायका आल्या होत्या, सदलग्याची पाहुणेमंडळी टेम्पो करून आली होती. एकेक जण उठून तुमचे गुण गात होता. शेवटी कोणीतरी म्हणालं, आता थोरली लेक सुशीला दोन शब्द बोलेल. मी उठले, “आप्पांना सगळे मानत होते,” एवढं बोलले आणि खाली बसले. बायांनी पाठीवरून हात फिरवला. पोरीचा गळा दाटला म्हणाल्या.

गळाबिळा काही दाटला नव्हता. मला राग आला होता, आणि मेलेल्या माणसावर चारचौघांत रागवायची आपल्यात रीत नाही, म्हणून गप्प बसले. बरंच झालं. त्या दिवशी मला निम्मंच माहीत होतं. उरलेलं निम्मं नंतर कळलं, आणि त्यानंतर मला गप्प बसवत नाही. त्यात उद्या सकाळी रजनीला, तुमच्या नातीला, इथं बेळगावातल्या अनगोळच्या शाळेत पहिलीत घालायचं आहे. फॉर्म समोर ठेवला आहे. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि धर्म-जातीच्या रकान्यापाशी येऊन अडले. मग फॉर्म बाजूला सारला आणि हा कागद ओढला.

आधी मला माहीत असलेलं निम्मं सांगते. ते तुम्हालाही माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

आणीबाणीचा काळ. मी दहावीला, एसएसएलसीला, फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. आपल्या वस्तीतली मी पहिली मुलगी. तुम्ही वखारीतून येताना पेढे आणलेत, ते कागदासकट तंबाखूच्या वासाचे झाले होते, तरी सगळ्यांनी खाल्ले. मला बेळगावला कॉलेजात जायचं होतं, मुलींच्या वसतिगृहात राहायचं होतं, विज्ञान शिकून हायस्कुलात बाई व्हायचं होतं. तुमच्या आणि आईच्या कमाईत ते बसणारं नव्हतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण त्याची काळजीही नव्हती. सरकारची स्कॉलरशिप होती ना! फी माफ, वसतिगृहाचं जेवण, वर महिन्याचा हातखर्च. वस्तीतली तीन मुलं त्यावरच शिकत होती.

त्यासाठी एकच गोष्ट लागत होती. फॉर्मवर ‘हिंदू महार’ असं लिहायचं. ‘बौद्ध’ लिहिलं की नाव यादीतून बाहेर. सरकारच्या हिशोबानं दीक्षा घेतली की माणसाची गरिबीही संपत असावी. त्या तिन्ही मुलांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’ होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कागदावर एक, घरात एक. सगळी वस्ती तशीच जगत होती, एक तुम्ही सोडून. तुम्ही मला पहिलीत घालतानाच छाती काढून ‘बौद्ध’ लिहून आला होतात.

शाळेचे हेडक्लार्क कामतसर भला माणूस. त्यांनी तुम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं. मी तुमच्या मागं उभी होते, हातात गुणपत्रिका धरून.

“आप्पा, आडमुठेपणा करू नगासा,” कामतसर म्हणाले. “एक अर्ज द्या, चिकोडीच्या तहसीलात जावा, दाखला आणा. बाकीचं मी बघतो. पोरीला फर्स्ट क्लास हाय.”

“काय लिवायचं दाखल्यात?”

“जुनं हाय तेच. कागदाला काय कळतंय?”

“सायब,” तुम्ही म्हणालात, “मेलेलं जनावर वढायचं सोडलं तवाच ती जात सोडली. आता पोरीच्या फीपायी परत अंगाला लावून घेऊ व्हय?”

तुम्ही वळलात, मला म्हणालात, “चल गं.” आणि मी चालू लागले.

हेच वाक्य पुण्यानुमोदनाला वखारीतल्या कांबळेमामांनी विहारात सांगितलं. अगदी तुमच्यासारखा आवाज काढून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जनावर ओढायचं सोडलेला माणूस, कामतसरांचं टेबल, तुमचा बाणा, सगळं त्या गोष्टीत होतं. गुणपत्रिका धरून मागं उभी असलेली मुलगी तेवढी नव्हती, आणि त्या दिवशीचा माझा राग तिथला होता. मामांना ती आठवली नाही, कारण तुम्ही वखारीत ही गोष्ट सांगताना तिला कधी घेतलंच नसणार.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं तुमच्याशी भांडण काढलं. “गावाला शिका शिका म्हणून सांगत हिंडतासा, आणि घरातल्या लेकीच्या टायमाला काय झालं?” लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. तुम्ही तिच्याशी अबोला धरलात. पुढच्या सोमवारी मी आईशेजारी सूप मांडीवर घेऊन बसले. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. सोळा वर्षांच्या बोटांना ते यायला दोन दिवस लागले. पायथॅगोरसचा सिद्धांत विसरायला मात्र चार वर्षंही पुरली नाहीत. वळता वळता मनात आकृती काढत बसायची.

आता हे नीट ऐका आप्पा. त्या चार वर्षांत मला वाईट वाटलं, पण तुमचा राग आला नाही. खरं सांगते. मी स्वतःला एक समजूत घातली होती. माझा बाप मोडेल पण वाकणार नाही, आणि त्याच्या न वाकण्यात माझाही वाटा आहे. बाकीच्यांच्या मुली नुसत्या विड्या वळत होत्या. मी तत्त्वासाठी वळत होते. बायका कुजबुजायच्या, येवढी शिकलेली पोर आणि बघा. मी मान ताठ ठेवायची. मला दुसरं मिळालं तरी काय होतं? एवढीच एक कमाई होती आणि ती तुमच्या नावावर टिकून होती.

मग प्रकाशची एसएसएलसी झाली. काठावर पास. माझा धाकटा भाऊ, त्याचं वाईट चिंतत नाही, पण काठावर ते काठावरच. त्याला बेळगावला आयटीआयमध्ये टर्नरला प्रवेश मिळाला. तिथं त्याला दर महिन्याला सरकारचं विद्यावेतन सुरू झालं, आणि पुढं उद्यमबागेतल्या कारखान्यात राखीव जागेवर अप्रेंटिस लागला, तिथं स्टायपेंड. मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही जेवत होतात. मी म्हटलं, आप्पा, याला कसं काय मिळालं?

“आयटीआयचं येगळं असतंय,” तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात. “तिथं समद्यांस्नी मिळतंय.”

मी विश्वास ठेवला. तुमच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर? त्याच्या खाकी ड्रेसला बटणं मी लावली, त्याला एसटीत बसवायला स्टँडवर मी आले. आणि त्याच महिन्यात, धीर करून, मी तुम्हाला म्हटलं, आप्पा, आता मी कॉलेजच्या पीयूसीला बसू का? अजून वय गेलेलं नाही. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं का? तुम्ही म्हणालात, “आता लगीन बघूया.” वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी अनगोळला आले.

इथवर मला माहीत होतं. पुण्यानुमोदन झाल्यावर मंडळी गेली आणि मी आणि प्रकाश भाड्याची भांडी मोजून पोत्यात भरत होतो. मामांना पडलेल्या टाळ्या अजून माझ्या डोक्यात होत्या. मी सहज, अगदी सहज म्हटलं, “बघ, आप्पांनी मरेपर्यंत त्या रकान्यात ‘महार’ लागू दिलं नाही.”

प्रकाशनं हातातली परात खाली ठेवली.

“आक्का, तुला ठावं न्हाय व्हय?”

“काय?”

“आप्पाच घिऊन गेलते की मला चिकोडीला. स्टॅम्पपेपर केला, सही केली. त्याबिगार आयटीआयचं पैसं कुटनं मिळालं असतं? मला वाटलं, तुला म्हायती हाय.”

त्याला खोटं बोलता येत नाही, ते तुमच्याकडून त्यानं घेतलेलं नाही. पुढच्या शनिवारी तो उद्यमबागेतून सुटल्यावर तसाच माझ्याकडं आला आणि आयटीआयच्या सर्टिफिकेटांच्या फायलीतून तो कागद काढून माझ्या हातात दिला. कन्नडमध्ये टाइप केलेला. मी बेळगावात इतकी वर्षं काढली आहेत, वाचता येतं. त्यात लिहिलंय की मी खाली सही करणार प्रतिज्ञेवर सांगतो की आम्ही हिंदू महार जातीचे असून, माझ्या मुलाच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये धर्म ‘बौद्ध’ असा नजरचुकीने लागलेला आहे.

नजरचुकीने, आप्पा?

कामतसरांच्या टेबलासमोर जे बोललात ती काय होती, नजरचूक? आईशी अबोला धरलात तो? माझी चार वर्षं? मी मान ताठ ठेवून ज्याच्यासाठी बसले होते, त्याला तुम्ही स्टॅम्पपेपरवर चूक म्हणून लिहून दिलंत, आणि तीही नजरेची!

मी तुमच्या बाजूनंही विचार करून पाहिला. तुम्हाला कन्नड वाचता येत नव्हतं. टायपिस्टानं त्याच्या ठरलेल्या मसुद्यात नाव घालून कागद पुढं केला असेल, तुम्हाला काय ठाऊक आत काय आहे. मी प्रकाशला विचारलं. तो म्हणाला, “न्हाय गं, टायपिस्टानं मराठीत समजावून सांगितलं. ‘नजरचुकीनं’ म्हटल्यावर आप्पांनी त्याला परत वाचायला लावलं. त्यानं वाचलं. मग आप्पांनी सही केली. येताना बशीत एक शब्द बोल्ले न्हाईत.”

म्हणजे दोनदा ऐकून केलीत.

मग मी निपाणीला आईकडं गेले. ती अजून विड्या वळते, सांगून ऐकत नाही. मी तिला विचारलं, तुला हे माहीत होतं? ती म्हणाली, व्हय. मग मला का नाही सांगितलंस? तिनं सूप बाजूला ठेवलं.

“त्येनी शपथ घातलती. तुझ्यापायीच गेलं त्ये चिकोडीला. तुला इड्या वळताना बघवायचं न्हाय त्यास्नी. म्हणायचं, एकीचं वाटोळं केलं, दुसऱ्याचं करणार न्हाय.”

तेव्हा मला आठवलं. मी विड्या वळायला बसले की तुम्ही ताट घेऊन बाहेर कट्ट्यावर जेवायला जायचात. चार वर्षं. पावसातसुद्धा, डोक्यावर पोतं घेऊन. मी समजायची, घरात पानांचा पसारा म्हणून.

आईला वाटलं, हे ऐकून माझं मन निवळेल. ती तशी माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि क्षणभर निवळलंही, नाही म्हणत नाही. तुम्ही चुकलात असं तुम्हाला वाटलं होतं. तुम्हाला माझी कीव आली होती. पण परतीच्या बसमध्ये तवंदीचा घाट उतरायच्या आतच मला दुप्पट राग आला, तो आजतागायत उतरलेला नाही.

कारण मला सांगा, वाटोळं एकीचं केलं हे कळत होतं, तर त्या एकीला का नाही विचारलंत? मी त्याच घरात होते. वीस वर्षांची होते, बिनलग्नाची होते, पीयूसीला बसू का म्हणून तुमच्या तोंडावर विचारत होते. त्याच महिन्यात! त्याच स्टॅम्पपेपरवर प्रकाशच्या नावाखाली माझं नाव बसलं असतं. एक ओळ जास्त टाइप करावी लागली असती. तुमची मान एकदा वाकायची ती वाकलीच होती, दोघांसाठी वाकली असती तर काय जास्त दुखली असती? पण तिथं तुम्हाला फक्त मुलगा दिसला. आप्पा, तुम्ही मुलगा-मुलगी भेद मानत नाही म्हणून विहारात किती भाषणं दिलीत हो?

की दुसरंच कारण होतं? माझं नाव घातलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, मग चार वर्षांपूर्वी का नाही? त्या एका प्रश्नाला भिऊन तुम्ही माझं लग्न लावून दिलंत. भ्याडपणा हा एवढा मोठा शब्द मी वापरला नसता, पण मला दुसरा सुचत नाही. जातीच्या रकान्याला न भिणारा माणूस पोटच्या मुलीला भ्याला.

माझं तेलही गेलं, तूपही गेलं. स्कॉलरशिप तुमच्या तत्त्वानं घेतली, आणि तत्त्व तुम्ही चिकोडीला ठेवून आलात. मागं उरलं ते फुकटचं ताठ मानेनं बसणं. मला नुसतं एकदा म्हणाला असतात, “सुशे, चुकलं माझं,” तर मी तिथंच सोडून दिलं असतं. सात-आठ वर्षं दर सणाला मी माहेरी येत होते. तुम्ही मला वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगायचात, रजनीला खांद्यावर घेऊन वखारीत मिरवायचात, जाताना माझ्या पिशवीत न विचारता भुईमुगाच्या शेंगा भरायचात. एकदा त्या शेंगांबरोबर हेही घालायचं होतंत.

लोक मला म्हणतील, सरकारला शिव्या दे, बापाला कशाला देतेस? देते की. एखाद्याला शिकायला पैसे द्यायचे आणि आधी त्यानं जे टाकून दिलं तेच त्याच्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायचं, ही कसली मदत? गरीब तर आम्ही तसेच होतो, विहिरीवरच्या बायका दीक्षेनंतरही तशाच बाजूला सरायच्या. पण सरकार माझ्या पंगतीला जेवायला बसत नव्हतं. तुम्ही बसत होतात. म्हणजे, बसत नव्हतात.

आता उद्याचं. रजनीचे वडील म्हणतात, जुनंच लिहूया, पुढं स्कॉलरशिपला बरं पडेल, उगाच तुझ्या आप्पांसारखं करू नकोस. त्यांचं चूक नाही. वस्तीत सगळे तेच करतात आणि त्यांची मुलं डॉक्टर, इंजिनीअर व्हायला लागली आहेत. मी त्यांना नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. हे पत्र लिहिता लिहिता माझं ठरलं.

रजनीच्या रकान्यात मी ‘बौद्ध’ लिहीन. तुमच्यासाठी नव्हे. ती बौद्ध आहे म्हणून. पण तुम्हाला वचन देते ते पुढचं. ती दहावी पास होईल आणि स्कॉलरशिपचा फॉर्म घरी येईल, त्या दिवशी तो फॉर्म, माझी गुणपत्रिका आणि तुमचा चिकोडीचा कागद, तिन्ही मी तिच्यापुढं ठेवीन. कुठल्या शब्दानं काय मिळतं आणि काय जातं, सगळं सांगीन, आणि तिला विचारीन, तुला काय लिहायचंय? ती ‘हिंदू महार’ म्हणाली तर मी स्वतः तिच्याबरोबर तहसीलात जाईन आणि येताना तिच्याशी बोलत येईन. ती ‘बौद्ध’ म्हणाली तर तिच्या फीचं मी बघीन, अंगणवाडीतल्या माझ्या नोकरीच्या पगारात नाही भागलं तर पुन्हा सूप मांडीवर घेईन. पण तिला मागं उभी करून तिच्या आयुष्याचा सौदा मी कुणाला करू देणार नाही. मी स्वतःही करणार नाही. आणि पुढच्या वर्षी तुमच्या स्मृतिदिनाला मला बोलायला सांगतील, तेव्हा कांबळेमामांची गोष्ट मी पुरी करीन. टाळ्या पडोत न पडोत.

एक गोष्ट तुम्ही कधी विचारली नाहीत, म्हणून ती माझ्याकडंच राहिली. ती देऊन टाकते. त्या दिवशी कामतसरांच्या टेबलापुढं तुम्ही मागं वळून मला विचारलं असतंत, सुशे, काय लिवायचं, तर मी ‘बौद्ध’च म्हटलं असतं. विड्या मी तशाही वळल्या असत्या. पण त्या माझ्या असत्या.

जयभीम.

तुमची थोरली,
सुशीला